‘म्हणून’ लिहायचं राहिलं, बाई

मेहेर बाई, तुम्ही गेल्याचं मला शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. कोणीतरी इंग्रजीत लिहिलं होतं: “Our Meher teacher is no more she taught us English we will miss her.” मी तेव्हा बोईसरच्या रिक्षा स्टँडवर उभी होते. मेसेज वाचला आणि रडू यायच्या आधी माझ्या मनाने त्या ओळीत दोन पूर्णविराम देऊन टाकले. ‘नो मोर’नंतर एक, ‘इंग्लिश’नंतर एक. तीन वाक्यं सुटी झाली, आणि त्यातलं पहिलं मला नीट वाचता आलं. तेव्हा कुठे रडू आलं. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, “आमच्या इंग्रजीच्या बाई गेल्या.” ती म्हणाली, “असं का,” आणि मला रिक्षात आधी बसू दिलं.

तुमच्याबद्दल आता पुष्कळ बोललं जाईल. नोकरी किती वर्षं केली, किती पोरं पास झाली, कोण कुठल्या मोठ्या पदावर गेलं. ते सांगणारे सांगतील. मला तुमच्याशी एका भांडणाबद्दल बोलायचं आहे. ते आपण चार वर्षं अर्धवट भांडत राहिलो. अर्धवट राहिलं ते माझ्यामुळे.

पण सुरुवात नववीपासून करायला हवी. तुम्ही दांडीहून एसटीने शाळेत यायचात, पिशवीत तपासलेल्या वह्या आणि कधीकधी हेडबाईंसाठी कागदात गुंडाळलेला सुका जवळा असायचा. मी बोईसरच्या दोन खोल्यांत राहणारी, चाळीसगावकडून कंपनीत कामाला आलेल्या माणसाची मुलगी. ‘माझी आई’ या विषयावर इंग्रजी निबंध लिहून आणला होता. आई पहाटे उठते ती पाणी भरते ती डबा करते बाबा कंपनीत जातात मी शाळेत येते, असं पानभर. पूर्णविराम फक्त शेवटी.

तुम्ही मला उभं केलंत आणि म्हणालात, “वाच. मध्ये थांबायचं नाही. तू कुठे थांबायला जागाच ठेवली नाहीस.”

मी वाचत गेले. सातव्या-आठव्या ओळीला माझा श्वास संपला आणि वर्ग हसला. “दम लागला?” तुम्ही विचारलंत. “हो बाई.” “मग वाचणाऱ्याला लागणार नाही का?”

तो मला अपमान वाटला होता. अजूनही थोडा वाटतो. तुम्ही एरवी इतक्या प्रेमाने वागायचात, पण वर्गासमोर एखाद्याला उभं करताना तुमचा हात फार जड असायचा. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, आज सांगते.

त्याच तासाला तुम्ही माझी वही टेबलावर ठेवून मला जवळ बोलावलंत. माझा तळवा धरून वाक्याच्या अर्ध्या भागावर ठेवलात. “आता जे दिसतंय ते एकटं वाच. पुरं वाटतं का?” मी म्हटलं, “हो.” मग तळवा दुसऱ्या बाजूला सरकवलात. “आता हे वाच. हेही पुरं वाटतं?” तेही पुरं होतं. “दोन्ही बाजू आपापल्या पायावर उभ्या आहेत आणि मध्ये काहीच नाही, म्हणजे चूक तिथे आहे. बस. एवढंच ओळखायचं असतं.”

दुसऱ्या दिवशी मी तोच निबंध जागोजागी स्वल्पविराम टाकून नेला. तुम्ही तो बघून कपाळाला हात लावलात. मग दांडीच्या किनाऱ्यावर बोंबील कसे वाळत घालतात ते सांगितलंत. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकायची. नुसते शेजारी शेजारी ठेवले तर वाऱ्याने वाळूत पडणार. “स्वल्पविरामाला जबडा नसतो,” तुम्ही म्हणालात. “दोन पुरी वाक्यं त्याच्या भरवशावर ठेवता येत नाहीत. एक तर पूर्णविराम देऊन वेगळी कर, नाहीतर मध्ये ‘अँड’, ‘बट’, ‘सो’ असं धरून ठेवणारं काहीतरी घाल.” अर्धविरामही चालतो म्हणालात, पण तो तुम्हाला स्वतःला फारसा आवडत नसे. “तो हात न मळवणाऱ्या साहेबासारखा आहे,” असं काहीतरी म्हणाला होतात.

मी वाद घातला होता. मराठीत आपण म्हणतोच की, आई आली, मी उठले, चहा ठेवला. तिथे स्वल्पविराम चालतो, मग इंग्रजीत का नाही? तुम्ही रागावला नाहीत. “मराठीत चालतं. त्यांच्या घरात त्यांची पद्धत,” म्हणालात. “आपण त्यांच्याकडे गेलो की त्यांच्या पद्धतीने बसायचं. इथे परत आलीस की हवं तसं बस.” मग फळ्यावर चार ओळींचं एक लांबलचक वाक्य लिहिलंत आणि सांगितलंत की हे बरोबर आहे. त्याखाली लिहिलंत, “I slipped I fell.” चार शब्द, आणि चूक. “लांबीला घाबरू नका रे. चूक लांबीत नसते, जोडात असते.”

ते सगळं मी परीक्षेपुरतं शिकले आणि बीएस्सी होईपर्यंत बरंचसं विसरले. मग एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी डिपार्टमेंटला लागले. तिथे रोज इंग्रजीत लिहावं लागे. कुठे काय सांडलं, कोणाला काय लागलं, कोणी हेल्मेट घातलं नव्हतं. माझे रिपोर्ट कोणी नीट वाचत नसे, त्यामुळे मलाही वाटायचं, ते बरे आहेत.

चार वर्षांपूर्वी आमच्याकडे विलासच्या हातावर अ‍ॅसिड उडालं. विलास कॉन्ट्रॅक्टवरचा कामगार, डोंगराकडच्या एका पाड्यावरचा. पावसाळ्यात घरची भातशेती करायचा आणि बाकीचे महिने कंपनीत. डावा हात मनगटापर्यंत भाजला. मी हॉस्पिटलमध्ये त्याचा जबाब घ्यायला गेले. फॉर्म इंग्रजीत होता. नर्स पट्टी बदलत होती, तो दात आवळून बोलत होता आणि मला तिथून लवकर निघायचं होतं. तो मराठीत सांगत गेला, मी इंग्रजीत लिहीत गेले: “The valve was leaking after lunch I informed the supervisor he did not come I tried to close it.” खाली त्याच्या उजव्या हाताची सही घेतली.

आठवड्याने ऑफिसातून टाइप केलेला कागद माझ्याकडे आला. विलासला कामावरून काढण्याची शिफारस होती त्यात. कारण दिलं होतं की वॉल्व्ह गळताना त्याने पाहिला, तरी आधी निवांत जेवण केलं आणि जेवणानंतर सुपरवायझरला कळवलं. मी चक्रावले. असं मी कुठे लिहिलं होतं? माझी प्रत काढून पाहिली. टाइप करणाऱ्याने माझ्या त्या लांब ओळीत पूर्णविराम दिले होते, आणि पहिला दिला होता ‘लीकिंग’नंतर. त्यामुळे ‘आफ्टर लंच’ पुढच्या वाक्यात गेलं. वॉल्व्ह गळत होता. जेवणानंतर मी सुपरवायझरला सांगितलं. तो पूर्णविराम एक पाऊल पुढे, ‘लंच’नंतर दिला असता, तर वॉल्व्ह जेवणानंतर गळायला लागला असा अर्थ झाला असता. दोन्ही वाचनं माझ्या ओळीत बसत होती. टाइप करणाऱ्याला मी दोष देऊ शकत नव्हते.

चौकशी तीन दिवसांवर होती. त्या संध्याकाळी मी तो कागद घेऊन दांडीला तुमच्याकडे आले. कित्येक वर्षांनी. तुम्ही ओट्यावर बसून नाकावर चष्मा ठेवून पेपर वाचत होतात. ओळखलंत लगेच. “काय गो वैशाली, दम लागलाय तुला,” म्हणालात. मी कागद पुढे केला.

तुम्ही ती ओळ मोठ्याने वाचलीत. परत वाचलीत. मग तळवा ठेवून पाहिलंत, एकदा इकडे, एकदा तिकडे.

“हे वाक्य कोणाचं?”

“विलासचं. त्याचा जबाब आहे.”

“वाक्य तुझं आहे. हकीकत त्याची आहे.”

मी म्हटलं, “बाई, पूर्णविराम ‘लंच’नंतर द्यायला हवा ना? मी दुरुस्त करून देते.”

“तुला कसं माहीत तो तिथेच द्यायचा? तुला आठवतं तो काय बोलला?”

मला नक्की आठवत नव्हतं. आठ दिवस होऊन गेले होते, आणि मी तेव्हाही अर्धवटच ऐकलं होतं.

“मग मला काय विचारतेस? मी दांडीत बसून कसं सांगणार वॉल्व्ह कधी गळला ते. त्याला विचार.” आणि मग, “थांब. मी येते.”

दुसऱ्या दिवशी आपण शेअर रिक्षाने बोईसरच्या हॉस्पिटलात गेलो. तुम्ही विलासच्या कॉटजवळ स्टूल ओढून बसलात आणि तुमची वर्गातली भाषा कुठल्या कुठे गेली. “बाबा, मी हिची शाळेतली बाई. हिने तुझं लिवलंय, मला काय समजलं नाय. परत सांगशील?”

“सांगतो की. जेवून आलो. डबा धुतला. बगतो तर खाली ओलं.”

“मग?”

“वर बगितलं, वॉल्व्ह गळत होता.”

“सकाळी?”

“नाय. सकाळी सुका होता. मीच पुसलेला.”

“मग?”

“सायबांना सांगितलं, केबिनमदी जाऊन. बोलले, येतो.”

“मग?”

“जाम वेळ झाला. पलीकडं दोन बाया झाडत होत्या, अ‍ॅसिड त्यांच्याकडं चाललेलं. सायेब आले नाय म्हनून मीच गेलो बंद करायला.”

तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवून उठलात. त्याला एक शब्दही सुचवला नव्हता तुम्ही. एकदा ‘सकाळी?’ विचारलंत, बाकी फक्त ‘मग’ म्हणत गेलात आणि तो स्वतःच एकेक गोष्ट पुरी करत गेला. मी कितीतरी जबाब घेतले होते, पण जबाब कसा घ्यायचा ते मी त्या दिवशी शिकले.

परत येताना रिक्षात तुम्ही म्हणालात, “त्या झाडणाऱ्या बाया तुझ्या कागदात नाहीतच.”

तुमच्या घरी येऊन मी नवा जबाब लिहिला. वॉल्व्ह जेवणानंतर गळू लागला. मी सुपरवायझरला कळवलं. अ‍ॅसिड दोन सफाई कामगारांच्या दिशेने वाहत होतं. सुपरवायझर आले नाहीत. मी वॉल्व्ह बंद करायचा प्रयत्न केला. पाच वाक्यं, पाच पूर्णविराम. मला वाटलं, तुम्ही शाबासकी द्याल.

तुम्ही पेन्सिल शेवटच्या दोन वाक्यांच्या मध्ये टेकवलीत. “इथला ‘म्हणून’ कुठे गेला?”

“कुठला?”

“तो म्हणाला ना, सायेब आले नाय म्हणून मी गेलो. ‘सो’ लिही.”

मी म्हटलं, “बाई, चौकशीच्या कागदात फक्त घटना लिहायच्या असतात. ‘म्हणून’ म्हणजे त्याचं मत झालं.”

“कोणाचं मत? तो स्वतःच्या हातून काय झालं ते सांगतोय. का गेलो, हे त्याच्याशिवाय कोणाला माहीत?”

“व्याकरणाने माझी वाक्यं बरोबर आहेत ना?”

“व्याकरणाने बरोबर आहेत,” तुम्ही म्हणालात. “साहेब आले नाहीत. मी हात लावला. नुसती अशी शेजारी ठेवलीस की वाचणारा त्यांना त्याच्या सोयीने जोडतो, नाहीतर जोडतच नाही. तू तोडायला शिकलीस, वैशाली. जोडायला कधी शिकणार?”

मी तो कागद तसाच पिशवीत घातला. तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. मग विचारलंत, “तुला नियमाची अडचण आहे की दुसरी कसली?” मी म्हटलं, “नियमाची.” तुम्ही चष्मा काढून पदराला पुसलात आणि आत चहा ठेवायला गेलात.

चौकशीत मी सांगितलं की पहिला जबाब मी वाईट लिहिला होता, चूक माझी होती. माझी बोलणी खाऊन झाली. नवा जबाब वाचला गेला, जेवणाचा मुद्दा निकालात निघाला आणि विलासला काढायचं रद्द झालं. पण परवानगीशिवाय वॉल्व्हला हात लावला म्हणून त्याला लेखी ताकीद मिळाली. ‘सुपरवायझर आले नाहीत’ हे वाक्य तिथे होतं, सगळ्यांनी वाचलं, आणि पुढच्या वाक्यावर गेले. त्याला पुढचं काहीच जोडलेलं नव्हतं, त्यामुळे त्यावर कोणी प्रश्नही विचारला नाही. सुपरवायझर समोरच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

मी तुम्हाला फोन केला, “बाई, वाचला.” तुम्ही म्हणालात, “हो, वाचला. पुरता नाही.”

बाई, ते सुपरवायझर म्हणजे पाटकर काका. हे तुम्हाला मी कधीच सांगितलं नाही. माझे वडील चाळीसगावहून आले तेव्हा चार महिने रोज गेटवर उभे राहायचे, आणि एके दिवशी पाटकर काकांनी त्यांना आत नेलं. माझा नोकरीचा अर्जही काकांनीच साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला होता. दिवाळीत पहिला फराळ त्यांच्याकडे जायचा. बाबा गेले तेव्हा तिरडीचा एक खांदा त्यांचा होता. ‘सो’ ही दोन अक्षरं मी लिहिली असती तर ताकीद त्यांच्या नावावर गेली असती, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं असताना. अडचण नियमाची नव्हती. तुम्हाला ते कळलं होतं असं मला वाटतं. तुम्ही परत विचारलं नाहीत, आणि मीही सांगितलं नाही.

त्यानंतर मी दर महिन्याला एखाद्या रविवारी तुमच्याकडे येत राहिले. माझे रिपोर्ट आणायचे आणि तुम्ही ते तुमच्या बारक्या पेन्सिलीने तपासायचात. मी सुधारले, बाई. कंपनीत नव्या कामगारांना नोंदवही कशी लिहायची ते आता मी शिकवते. मराठीत लिहा म्हणते, आणि इंग्रजीत लिहायचंच असेल तर ओळीवर तळवा ठेवून बघा म्हणते. हिंदी बोलणारी पोरं हसतात आधी, मग तळवे ठेवतात. परवा एकाने स्वतःच्या नोंदीत चूक पकडून मला दाखवली. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो तुम्ही बघायला हवा होता.

पण माझ्या रिपोर्टात जिथे जिथे दोन सुटी वाक्यं एकमेकांपासून जरा जास्तच लांब उभी असत, तिथे तुम्ही पेन्सिलीने बारीक गोल करायचात. काही लिहायचा नाहीत. गोल करून वर बघायचात. मी मान खाली घालून तिथे ‘सो’ किंवा ‘बिकॉज’ लिहायचे. त्या एका कागदावर सोडून सगळीकडे लिहिलं मी.

शेवटी भेटलो तेव्हा तुम्ही अंथरुणाला खिळलेल्या होतात. माकडहाड मोडल्यापासून तुम्ही फार बारीक झाला होतात. तुमच्या भाचीने उशीला टेकवून बसवलं. इकडचं तिकडचं बोलून झालं. निघताना तुम्ही विचारलंत, “तो विलास काय करतो?”

मी म्हटलं, “बरा आहे. कामावर आहे.”

“पर्मनंट झाला?”

“होईल.”

“बरं,” म्हणालात आणि डोळे मिटलेत.

विलास तेव्हा कंपनीत नव्हताच. त्या ताकदीनंतर नव्हे, त्या ताकिदीनंतर वर्षभराने कॉन्ट्रॅक्टवरची काही माणसं कायम करून घेतली, आणि ज्यांच्या फाइलमध्ये ताकीद होती त्यांची नावं गाळली. तो सोडून गेला. कुठे गेला, मी विचारलं नाही. ताकीद हा शब्द लिहितानाही आत्ता माझी अक्षरं चुकली, तशीच राहू देते. तुम्ही गोल केला असतात.

तुमच्या दहाव्याला दांडीला आले होते. मागे उभी राहिले. माणसं पुष्कळ होती, किनाऱ्यावरच्या बायका, शाळेतले जुने शिक्षक, माझ्या पुढच्या-मागच्या वर्षांची मुलं. तिथून घरी जायच्या ऐवजी मी बोईसरच्या स्टँडवर आले आणि दुसऱ्या दिवशीची मनोरकडे, विलासच्या पाड्याच्या बाजूला जाणारी गाडी विचारून ठेवली.

एका पत्राचं आधी सांगते, म्हणजे ते मध्ये यायचं नाही. मी कंपनीला पत्र दिलं आहे. विलासने त्या वेळी जे सांगितलं त्यातला एक शब्द मी गाळला, सुपरवायझर माझ्या घरच्यासारखे होते म्हणून गाळला, आणि त्यामुळे त्याच्या फाइलमध्ये चुकीची ताकीद आहे, असं लिहिलं आहे. द्यायच्या आधी पाटकर काकांच्या घरी जाऊन ते त्यांना वाचून दाखवलं. काका म्हणाले, “मी फोनवर होतो गं. निघणारच होतो.” मी म्हटलं, “काका, तेही लिहून द्या. मी जोडते.” काकूंनी चहाचं विचारलं नाही. कंपनीचं उत्तर अजून आलेलं नाही. विलासला परत घेतील का, ताकीद काढतील का, मला कामावर ठेवतील का, यातलं काही मला आज माहीत नाही.

आता विलासच्या घरचं.

मनोर रस्त्यावर उतरून मी विचारत विचारत पाड्यावर गेले. तो अंगणात गवताचे भारे बांधत होता. उजव्या हाताने दोरी ओढायचा आणि डाव्याने नुसता दाब द्यायचा. त्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. मला बघून उभा राहिला. “मॅडम? इकडं कुठं?” त्याच्या बायकोने खाट टाकली आणि कोरा चहा आणला. तो म्हणाला, भात झाला की पाच-सहा महिने वीटभट्टीवर जातात दोघं.

मी म्हटलं, “विलासभाऊ, त्या बाई आठवतात? माझ्याबरोबर आलेल्या.”

“दांडीवाल्या. आठवतात की. मंग, मंग, बोलायच्या.”

“त्या गेल्या.”

तो म्हणाला, “चांगलं इचारलं त्यांनी.”

मी त्याला सगळं सांगितलं. तो काय म्हणाला होता, मी काय लिहिलं, कोणासाठी लिहिलं. एक शब्द गाळल्याने काय होतं ते त्याला समजवायला मला वेळ लागला, कारण त्याला ते आधी खरंच वाटेना. “म्हनून? एवढंच?”

“एवढंच.”

तो हातातला कप बघत बसला. मग म्हणाला, “मला वाटलं, माजंच चुकलं.”

“तुमचं कसं?”

“कागदात तसं होतं ना. चौकशीच्या सायबांनी वाचून दाकवलं, तू परवानगी नाय घेतली, हात लावला. आता एवडे शिकलेले लोक बोलतात, तर आमी काय बोलनार. मी घरी येऊन पन तेच सांगितलं. माजं चुकलं.”

दारात उभी असलेली त्याची बायको म्हणाली, “मी जाम बोलले तवा यांना. दुसऱ्याच्या कंपनीतल्या वॉल्व्हला हात लावायची काय गरज होती. अजून बोलते. भट्टीवर हात दुकला की बोलते.”

मी तिच्याकडे वळले. “वहिनी, नाही. अ‍ॅसिड दोन बायकांच्या अंगावर जात होतं. हे आधी साहेबांना सांगायला गेले होते. साहेब आले नाहीत, म्हणून यांनी हात लावला.”

ती माझ्याकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे. “बाया होत्या?”

“होत्या दोन,” विलास म्हणाला. “झाडत होत्या.”

“हे मला नाय सांगितलं तू.”

“तू इचारलं कुठं. तू आदी वॉल्व्हलाच धरलं.”

ती दारातून बाहेर आली आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. माझ्या हातातला कप घेऊन खाली ठेवला. मग कोणाकडे न बघता म्हणाली, “चार वर्सं बोलत ऱ्हायले मी तुला.”

“बोलली ते बोलली,” विलास म्हणाला. “आता नको बोलू.”